डोंगर विझलेला आहे, असं मी सांगितलं

१३ जानेवारी १९६५, बुधवार. शाळेतून आल्या आल्या मी खोबरं कातरायला बसले. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि आमच्या बंगळूरकडच्या जुन्या मराठी घरांत नुसत्या तिळाच्या वड्या करून भागत नाही. इथल्या रीतीचा एळ्ळू लागतो. तीळ, शेंगदाणे, डाळं, गूळ आणि सुकं खोबरं एकत्र करायचं, आणि त्यातला गूळ आणि खोबरं हाताने हरभऱ्याएवढं कातरून उन्हात वाळवायचं. हे काम आठ दिवस आधी व्हायला हवं. त्या वर्षी ते मागे पडलं, कारण घरात तंटा चालू होता.

तंटा अक्काच्या मुलीवरून होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान एडन बंदरात एका आगबोट कंपनीच्या गुदामावर कारकून होते. लग्नानंतर ती तिकडे गेली आणि तीन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी बंगळूरजवळ येलहंक्याला माहेरी यायची. या खेपेला ती डिसेंबरात आली, सोबत सात वर्षांची मुलगी. भावजी तिकडेच राहिले होते. महिनाअखेरीस मुंबईहून दोघींची बोट होती. आईचं म्हणणं, अक्काने जावं, नवऱ्यापाशी राहणं तिचं काम आहे. पण नातीला तिने इथे ठेवावं. नातीला ती त्या डोंगरात परत पाठवणार नव्हती.

डोंगराची गोष्ट आईला मीच सांगितली होती, तेव्हा दोष माझ्याकडे येतो. येलहंक्याच्या शाळेत मी भूगोल शिकवायची. तीन वर्षांपूर्वी अक्काने पत्रात लिहिलं, की बंदराजवळचं घर सोडून आम्ही आतल्या वस्तीत राहायला आलो, हिला क्रेटर म्हणतात. आईने जेवताना विचारलं, ही वस्ती कशी आहे. मी तिच्या ताटातल्या भाताकडे बोट केलं. ढिगाच्या मधोमध तिने सारासाठी खळगा केला होता. मी म्हटलं, हा डोंगर. याच्या पोटातून एके काळी आग बाहेर पडली, त्याने हा खळगा झाला. अक्काचं घर या खळग्यात आहे.

आईने सार वाढून घेतलं नाही. भात तसाच गाईला घातला.

त्यानंतर तीन वर्षं तो डोंगर आमच्या घरात राहिला. अक्काचं पत्र आलं की आई आधी विचारायची, "डोंगराचं काही लिहिलंय का?" मी सांगायची, की तो लाखो वर्षांपूर्वी विझलाय, तिथे बाजार आहे, शाळा आहे, आपली देवळंसुद्धा आहेत. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या पत्राला पुन्हा तेच विचारायची.

अक्का आल्यावर तिकडच्या हकिकती तिच्या तोंडून ऐकायला मिळाल्या. चारी बाजूंनी काळे कडे, आणि मध्ये पांढरी घरं. दिवसभर तापलेला दगड दिवेलागणीनंतरही भट्टीसारखी धग सोडत राहतो. हिरवं काही नाही. तरी त्या दगडांत जनावरं भरपूर. पाण्याच्या गाड्या उंट ओढतात. शेळ्या तर घरातल्या माणसांसारख्या जिने चढउतार करतात. गवत नाही म्हणून त्या खोकी खातात, सिमेंटच्या पिशव्यांचा कागद खातात. सकाळी मोकळ्या सोडल्या की दिवसभर गल्ल्यांतून हिंडतात आणि संध्याकाळी न चुकता आपापल्या दाराशी येऊन उभ्या राहतात. वाटेत कोणी दूध काढू नये म्हणून त्यांच्या आचळांना कापडाची पिशवी बांधलेली असते.

"माझी वही बकरीनं खाल्ली," मुलीने सांगितलं. "गणिताची. मग बाईंनी मला शिक्षा नाही केली. त्यांची पण खाल्ली होती."

"आणि गायी?" आईने विचारलं.

"गायी आहेत थोड्या," अक्का म्हणाली. "त्यांना सुकी मासळी घालतात."

आईच्या हातातलं सूप थांबलं. "गाईला?"

"दुसरं काय घालणार तिथे? हिला मी शेळीचंच दूध देते."

"म्हणजे कागदाचं," आई म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

हा सगळा विनोद आता आठवतो. तेव्हा त्याच्याखाली दुसरं काही असेल, असं मला वाटलं नाही. मला दिसत होता तो आईचा अडाणीपणा, आणि तो दूर करणं हे मी माझं काम समजत होते. सातवीच्या वर्गात जे मुलींना पटतं ते घरात आईला पटू नये, याचा मला राग यायचा.

तर त्या बुधवारी आम्ही तिघी खोबरं कातरत बसलो होतो आणि मुलगी तीळ निवडत होती. आईने पुन्हा विषय काढला. "पोर इथे राहील. तुझ्या नवऱ्याला मी पत्र धाडते. माझा शब्द तो मोडायचा नाही."

हे खरं होतं. भावजी बंगळुरात शिकत असताना चार वर्षं आमच्या घरी जेवले होते. आईपुढे ते कधी वर मान करून बोलले नाहीत. पण मुलीला सोडून राहायला ते दुसऱ्या कोणाचं ऐकून तयार झाले नसते. ते स्वतः काकाच्या घरी वाढले होते, आणि आपलं मूल दुसऱ्याच्या घरात ठेवायचं नाही असं त्यांनी लग्नाआधीच अक्काला सांगितलं होतं.

अक्का खोबरं कातरत राहिली. ती गप्प आहे म्हणजे दुखावली आहे असा मी अर्थ काढला, आणि तिची बाजू घ्यायला उठले.

"आई, चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

परसामागे एक लांबरुंद सपाट शिळा होती. इथे सगळे अशा शिळेला बंडे म्हणतात. त्या शिळेवर आमचे पापड, सांडगे, मिरच्या आईच्या आजेसासूबाईंच्या काळापासून वाळत होत्या. तिच्यावर आईला बसवून मी विचारलं, "ही काय आहे?"

"बंडे आहे. काय विचारतेस?"

"हा दगडसुद्धा एके काळी रसच होता. पाकासारखा, तापून लाल झालेला. मग निवला, त्याला किती काळ गेला ते मोजतासुद्धा येत नाही. त्यावर तू मिरच्या वाळवतेस. एडनचा डोंगर असाच. निवलेला दगड. त्यातून आता काही निघायचं नाही."

आईने शिळेवर तळवा टेकला. दिवसभराच्या उन्हाने ती कोमट होती. तिने बराच वेळ हात काढला नाही.

"पक्कं सांगतेस?"

"पक्कं."

"पुस्तकात आहे?"

"पुस्तकात आहे."

"सरी," ती म्हणाली. आमच्या घरात कन्नड शब्द असेच मध्ये यायचे, आणि आईचं 'सरी' म्हणजे बोलणं संपलं. पण आत येऊन ती अक्काला म्हणाली, "उद्या गाय आगीतून जाऊ दे. ती नीट गेली तर पोरीला ने. बिचकली तर पोर इथे."

मी हसले. अक्का हसली नाही.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इकडे संक्रांतीच्या संध्याकाळी गुरांना आगीवरून नेतात. त्याला किच्चू म्हणतात. सकाळी गुरं धुवायची, अंगाला हळद लावायची, शिंगं रंगवायची, गळ्यात झेंडूची माळ घालायची. दिवस मावळायच्या सुमाराला रस्त्यावर आडवा पेंढा पसरून तो पेटवतात आणि एकेक जनावर त्यावरून उडी मारायला लावून पलीकडे नेतात. वर्षभर त्याला रोगराई होत नाही अशी समजूत. गोचिड्या मात्र खरोखर जळून पडतात, त्यामुळे माझी या रीतीबद्दल तक्रार नव्हती.

वडील गेल्यापासून आमची गाय आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा म्हातारा गौळी नेत असे. गुरुवारी संध्याकाळी त्याने आपले चार बैल आधी नेले. मग दोन म्हशी गेल्या. आमची गाय शेवटी होती. आई दारात उभी होती. अक्का रस्त्याच्या कडेला, मुलीला पुढ्यात धरून. मी आमच्या गडग्याशी.

पेंढ्याचा जाळ बराच खाली आला होता. गौळ्याने दावं धरून गाय पुढे आणली. चार पावलांवर ती थांबली. त्याने जीभ टाळूला लावून आवाज काढला, मानेवर थाप मारली. गाय मागे सरली. पायांनी माती उकरली. तिच्या अंगावरची हळद त्या उजेडात गेरूसारखी लाल दिसत होती.

"स्वल्प थांबू या," गौळी कन्नडमध्ये म्हणाला. "आज मन नाही तिचं."

मी अक्काकडे पाहिलं. तिने मुलीच्या दोन्ही खांद्यांवर हात इतके घट्ट ठेवले होते, की मुलगी वळवळत होती. अक्का गाईकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, ही प्रार्थना करतेय की गाय जावी आणि मूल आपल्यापासून तुटू नये. माझ्या बहिणीची पोर एका जनावराच्या बिचकण्यावर अडून राहणार, हे मला सहन झालं नाही.

मी रस्त्यावर उतरले आणि गौळ्याच्या हातातून दावं घेतलं.

"टीचरम्मा, शाळेतली पोरं नव्हेत ही," तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. बाईमाणसाने गाय आगीवरून नेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

मी गाईच्या डोळ्यांवर माझा पदर धरला, दावं मनगटाला एक वेढा घालून आखडलं आणि तिला घेऊन सरळ चालत गेले. लुगड्याचा काठ दोन ठिकाणी करपला. गाय पलीकडे गेली. कोणीतरी शिट्टी मारली. मी आईकडे पाहिलं. ती आत गेली.

गाईला गोठ्यात बांधून मी तिच्या खुरांना पाणी घालत होते. उजेड अजून होता. अक्का आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"झालं तुझं काम," मी म्हटलं. "आता बोटीची तयारी कर."

"तुला कोणी सांगितलं होतं दावं धरायला?"

मी तांब्या खाली ठेवला.

"आणि ती बंडे. ते पुस्तक. तीन वर्षं आई त्या डोंगराला भीत होती, तुझं काय जात होतं?" ती आवाज न चढवता बोलत होती. आत मुलगी आईला एळ्ळूची ताटं भरायला मदत करत होती, ते ऐकू येत होतं. "तू पेपर वाचतेस ना?"

मी वाचत असे. शाळेत एक दिवस शिळा पेपर यायचा. एडनमध्ये इंग्रजांविरुद्ध गडबड चालली आहे, हातबाँब पडतात, हे मी वाचलं होतं. आतल्या पानावर चार ओळी असायच्या. नकाशात एडन कुठे आहे ते मी डोळे मिटून दाखवू शकत होते, पण त्या चार ओळी आणि अक्काचं घर मी एका जागी ठेवून पाहिलं नव्हतं.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटला एक," अक्का म्हणाली. "नोव्हेंबरात. ही शाळेतून यायची वेळ. एक शेळी मेली आणि तिच्या मागून येणारा म्हातारा. ही दुकानात पेन्सिल घ्यायला थांबली होती म्हणून."

"भावजींना कळत नाही?"

"ते म्हणतात, इंग्रज जातील, सगळं शांत होईल. बंदर बंद पडत नाही तोवर नोकरी सोडायची नाही. आणि मूल आईबापांपाशीच राहणार. मी दोनदा म्हटलं, हिला माझ्या आईकडे ठेवू. आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"मग आईला सांगायचं होतंस, बाँबचं."

"आणि? ती मला जाऊ देईल? त्यांना तार करेल, नोकरी सोडून या म्हणेल. ते येणार नाहीत. मग ते तिथे एकटे, मी इथे, आणि आयुष्यभर ते मला ऐकवतील की संकटात टाकून गेलीस." तिने पदराने नाक पुसलं. रडत नव्हती, गोठ्यात धूर भरला होता. "डोंगर बरा होता. डोंगराच्या भीतीने आई मुलीला ठेवून घेणार होती आणि मला जाऊ देणार होती. आईने डोंगराचं नाव पुढे करून कळवलं असतं, तर ते सासूच्या वेडेपणाला हसले असते आणि ऐकलं असतं. मी महिनाभर तोंड मिटून बसले होते ते त्यासाठी. तू सगळं शिकवून ठेवलंस तिला."

गाय पायावर पाय घासत उभी होती. मी उरलेलं पाणी तिच्या खुरांवर ओतलं, कारण ते काम अर्धं राहिलं होतं.

पुढे एडनचं बंदर ओस पडल्यावर अक्का आणि भावजी दोघं सुखरूप परत आली, हे आज लिहिताना मला माहीत आहे. त्या संध्याकाळी ते माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच समजत होतं, की मी खरं बोलले होते, पुस्तकात होतं तसंच बोलले होते, आणि त्या खऱ्यामुळे सात वर्षांची पोर दोन आठवड्यांनी बोटीवर चढणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धार काढायला बसली तेव्हा मी गोठ्यात गेले.

"आई, डोंगराचं मी चुकीचं सांगितलं," मी म्हटलं.

तिने धार थांबवली नाही. "चुकीचं म्हणजे?"

"विझलाय असं म्हणतात. पण असे डोंगर पुन्हा पेटल्याची उदाहरणं आहेत. पक्कं कोणी सांगू शकत नाही."

"परवा पक्कं म्हणालीस."

"परवा मला घाई होती."

चरवी अर्धी भरली तेव्हा ती म्हणाली, "आणि गाय? गाय तर गेली."

"गाय गेली नाही. मी ओढून नेली. डोळे झाकून."

"ते दिसलं मला," आई म्हणाली. "दारातच उभी होते." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अक्काबद्दल तिला काय आणि किती कळलं होतं, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. "पोर राहील. लिही त्याला. मी सांगते तसं लिही."

मी चुलीपुढे बसून आई सांगेल तसं पत्र लिहिलं. आमच्या घरच्या भाषेत, तिच्याच शब्दांत. डोंगराचं भय वाटतं, म्हातारीचा हट्ट समजा, नातीला मी ठेवून घेतलं आहे, माझी मुलगी येते आहे, तिला सांभाळा. आईला सही येत नव्हती. तिने खाली हळदीचं बोट टेकवलं. अक्का उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. पत्र मिटल्यावर ती आत जाऊन मुलीची वेणी घालायला बसली. त्या वेणीला तिने नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. शाळेची पहिली घंटा होईल म्हणून मला दोनदा हाक मारावी लागली.

मी पत्र वाटेत पेटीत टाकलं. मुलीला घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, वर्षाचे अडीच महिने उरलेत, तरी हिला दुसरीत बसवायची आहे. त्यांनी दाखला मागितला. मी म्हटलं, दाखला परदेशातून यायचा आहे, तोवर जबाबदारी माझी. त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या नावाखाली मी शाईने तिचं नाव लिहिलं, पालकाच्या रकान्यात माझं लिहिलं, आणि तिला दुसरीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसवून सातवीच्या तासाला गेले.